कॅरव्हॅनच्या हायड्रॉलिक जॅकची मोटर कधी चालते, कधी नुसतं टिक करते. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण पॉवर पॅक बदला. काय करू?

तुम्ही लिहिलंय की गाडी बसच्या चासीवर बांधून घेतलीय, घोडबंदर रोडला सोसायटीत उभी असते, लेव्हलिंगच्या (गाडी सपाट उभी करायच्या) चार जॅकची मोटर पावसाळ्यापासून नखरे करतेय, बटण दाबलं की कधी फिरते कधी नुसतं टिक. माझं काम रबाळे एमआयडीसीत, टेल लिफ्ट, टिपर, व्हॅनिटी व्हॅन असल्या गाड्यांचे पॉवर पॅक (मोटर, पंप, ऑइलची टाकी, व्हॉल्व्ह असा एकत्र सेट) आमच्याकडे येत असतात, म्हणून सरळ सांगतो, एवढ्यावरून पॉवर पॅक सोडा, मोटरपण घेऊ नका. आधी मल्टीमीटर लावा.

गॅरेजवाला फसवतोय असं मी म्हणत नाही. होतं काय, नवीन पॉवर पॅकसोबत नवीन सोलेनॉइड (मोटरचा मोठा करंट चालू-बंद करणारा रिले) येतो, वायरमन थिंबल (वायरच्या टोकाची कडी) नवे मारतो, अर्थचा (बॅटरीची मायनस चासीला जोडतात तो) पॉइंट घासून घट्ट करतो आणि जॅक चालायला लागतात, मग सगळे म्हणतात बघा मोटरच गेली होती. खरा दोष कदाचित त्या अर्थमध्येच होता आणि चांगली मोटर गेली भंगारात.

ही मोटर म्हणजे जवळजवळ गाडीचा सेल्फच (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) समजा. १२ व्होल्टची असेल तर लोडवर सहज १५० अँपिअर ओढते. एवढ्या करंटला एखाद्या गंजलेल्या थिंबलमध्ये नुसता ०.०१ ओहमचा रेझिस्टन्स आला तरी दीड व्होल्ट तिथेच खपतो, असे दोन-तीन जोड असले की मोटरला ८-९ व्होल्टच पोचतात आणि बिनलोडवर बॅटरी मात्र मस्त १२.६ दाखवते. म्हणून नुसती बॅटरी मोजून काही कळत नाही, बटण दाबलेलं असतानाच मोजायचं, त्यासाठी एक माणूस आत बसवा.

पहिलं रीडिंग थेट मोटरच्या स्टडवर (जाड वायर कसतात त्या बोल्टवर) आणि मोटरच्या बॉडीवर घ्या. १२ च्या गाडीला लोडवर ११ च्या आसपास, २४ च्या गाडीला २२ च्या आसपास मिळालं तर सप्लाय ठीक आहे. कमी आलं तर तीच वायर शोधत जायचं. एक प्रोब बॅटरीच्या प्लस पोलवर आणि दुसरा मोटरच्या स्टडवर, बटण दाबा, अर्धा व्होल्टच्या वर दिसला तर प्लसच्या बाजूला व्होल्ट खपतायत. मग तसंच बॅटरीच्या मायनस पोलपासून मोटरच्या बॉडीपर्यंत. प्रोब पोलवर लावा, थिंबलवर नको, नाहीतर खराब जोड मापातून सुटतो. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यात चासीला मारलेला अर्थचा बोल्ट रंगाच्या वरून कसलेला असतो, मी पैजेवर सांगतो पहिली शंका तिथेच घ्या.

टिक आवाज सोलेनॉइडचा. त्याच्या दोन जाड स्टडवर प्रोब लावून बटण दाबा. टिक झालं आणि तरी पूर्ण १२ दिसतात म्हणजे आतले कॉन्टॅक्ट जळालेत, सोलेनॉइड बदला, विषय संपला. ०.२-०.३ दिसले तर तो बरा आहे. टिकसुद्धा येत नसेल तर बारीक वायरींकडे जा: फ्यूज, बटण, कंट्रोलर, आणि हो, हँडब्रेक, कारण बऱ्याच सिस्टीममध्ये हँडब्रेक ओढल्याशिवाय जॅक चालूच होत नाहीत. आणि एवीतेवी जॅक चालवताना इंजिन चालू ठेवा, अल्टरनेटरचा आधार मिळतो.

आता समजा मोटरच्या स्टडवर व्होल्ट भरपूर आहेत आणि तरी ती मख्ख. स्पॅनरच्या मागच्या बाजूने बॉडीवर हलकं टोकून बघा, टोकल्यावर फिरली तर कार्बन (मोटरच्या आतले ब्रश) संपलेत किंवा होल्डरमध्ये अडकलेत. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर अजून सोपं (इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प बहुतेक वेळा फक्त एसीचा असतो, तो इथे शून्यच दाखवणार). मोटर गप्प आणि करंट जवळजवळ नाही म्हणजे कार्बन किंवा आतला जोड तुटला. मोटर गप्प आणि करंट धो-धो म्हणजे पंप जाम, नाहीतर आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा वाइंडिंगचा भाग) शॉर्ट. आणि मोटर मस्त फिरतेय पण जॅक हलत नाही, तर मोटरला दोष देऊच नका, ऑइल बघा, व्हॉल्व्हची कॉइल बघा, मोटर आणि पंपामधलं कपलिंग बघा.

खोलायच्या आधी एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. जॅक वर घेतलेले (म्हणजे जमिनीवरून उचललेले, गाडी चाकांवर) पाहिजेत, चाकांना गुटके, आणि खाली शिरायचंच असेल तर चासीखाली पक्के लोखंडी स्टँड. हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एक सील गेलं की गाडी खाली येते. जॅक खाली अडकून मोटर मेली असेल तर व्हॉल्व्हवर हाताने सोडायचा स्क्रू किंवा नॉब असतो, स्प्रिंगवाले जॅक त्याने आपोआप वर जातात, काही पॉवर पॅकला मोटरच्या मागे बूच असतं, ते काढून ड्रिलने शाफ्ट फिरवता येतो. गाडी एकदम बसते, तेव्हा लांब उभे राहा. मग बॅटरीची मायनस काढा.

मोटर बहुतेक वेळा दोन लांब बोल्टवर असते. ती सुटली की पंपाचा शाफ्ट स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बघा, सारखा जड-हलका न होता फिरला पाहिजे. आणि मग मोटरच्या आत बघा, सगळी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. कोरडी काळी पूड आणि बारीक झालेले कार्बन असतील तर वयोमानाने गेली, वागळे इस्टेटला किंवा कळंबोलीला ट्रकवाल्यांकडे सेल्फ-डायनामोचं काम करणारा कोणीही कार्बन आणि बुश टाकून, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) लेथवर साफ करून देईल. लाल गंज असेल तर पाणी गेलंय. पण बोटाला चिकट काळा लगदा लागला, डांबरासारखा, तर ते ऑइल आहे, म्हणजे पंपाचं शाफ्ट सील गेलंय. व्हॅनिटी व्हॅनच्या मोटरमध्ये हे हमखास दिसतं. हे सील न बदलता नवीन मोटर बसवली तर तीही त्याच लगद्याने मरणार, आणि मग लोक नवीन मोटरला लोकल माल म्हणून शिव्या देतात.

आर्मेचर जळकं वास मारत असेल तर मात्र मोटर बदला. घेताना जुनी हातात घेऊन जा. व्होल्टेज, किलोवॅट, फिरायची दिशा (शाफ्टच्या बाजूने बघून), शाफ्टचं टोक खाचेचं की जिभेचं की स्प्लाइनचं, बोल्टचं अंतर, स्टड एक की दोन, हे सगळं जुळलं पाहिजे. दिशा उलटी आली तर पंप ऑइल ढकलणारच नाही. व्होल्टेजचं खास बघा, छोट्या टेम्पोची चासी १२ ची असते, मोठ्या बसची बहुतेक २४ ची, आणि बॉडीवाल्यांनी २४ च्या गाडीत एकाच बॅटरीवरून १२ काढून जोडलेले असले तर ती बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होते.

बसवताना जीभ खाचेत बसली की मोटर हाताने पूर्ण टेकते. टेकत नसेल तर बोल्ट कसून ओढू नका, शाफ्ट किंवा सील जाईल, थोडी फिरवून परत बसवा. ओ-रिंग नवी, बोल्ट आळीपाळीने. आणि स्टडवर वायर कसताना खालचा नट दुसऱ्या स्पॅनरने धरून ठेवा. स्टड फिरला तर आतला जोड तुटतो आणि कोरी मोटर पहिल्याच दिवशी बंद.

ऑइल टाकीवर लिहिलं असेल तेच, काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना हायड्रॉलिक ऑइल. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, साध्या रबराची सील त्याने फुगतात. लेव्हल सगळे जॅक वर घेऊनच बघायची, खाली असताना भरलं तर वर घेताना सगळं बाहेर. सुरुवातीला एक-एक सेकंद चालवून बघा, मग जॅक पूर्ण खाली-वर करा म्हणजे हवा निघेल, आणि मध्ये मध्ये मोटरला थंड होऊ द्या, ती सलग चालायला बनलेलीच नसते.

मोटरवर पत्र्याचं कव्हर करून घ्या, पण खालून उघडं ठेवा, पाणी साचायला नको. वॉशिंगवाल्याला प्रेशर गन तिकडे मारू देऊ नका.

तर आधी ती रीडिंग घ्या, स्टडवरची, अर्थची आणि सोलेनॉइडची, आणि गाडी १२ ची की २४ ची ते लिहून इथेच टाका, म्हणजे पुढचं बोलता येईल. तोपर्यंत गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.