‘अजिबात त्रास देत नाही’ ऐकून मीही खूश व्हायचे

तुम्ही लिहिलंय, लेक चौदा महिन्यांची, पाळणाघरात जायला लागून तीन महिने झाले, हल्ली घरी आली की गप्प असते आणि तिथल्या ताई म्हणतात, ‘गुणी आहे, अजिबात त्रास देत नाही’. तुमचं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायलाच बसले. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाबद्दल हेच ऐकून मी ते कौतुकाने माहेरी सांगायचे.

स्वच्छता, जेवण, फी तुम्ही बघितलीच असणार, त्यात शिरत नाही. मी फसले ते कॅमेऱ्यामुळे. स्टेशनजवळचं चकाचक पाळणाघर, मोबाईलवर सीसीटीव्ही. जेवणाच्या सुट्टीत डब्याआधी मी ॲप उघडायचे. लेकरू चटईवर बसलेलं, रडत नाहीये, संपला विषय. त्या चित्राला आवाज नव्हता, हे डोक्यातच आलं नाही. वहीत रोज तीच ओळ: जेवला, झोपला, शांत होता.

जुलैत एकदा रुळांवर पाणी आलं, ऑफिस लवकर सोडलं, रखडत रखडत मुलुंड गाठलं आणि न कळवता दारात उभी राहिले. अकरा मुलं भिंतीला टेकून ओळीत, मावशी एकटीच, समोर टीव्हीवर बडबडगीतं. टीव्हीच्या बरोबर वर कॅमेरा. म्हणजे इतके महिने पोरं माझ्याकडे बघतायत असं वाटायचं, ती टीव्ही बघत होती. मला पाहून माझा मुलगा उठलासुद्धा नाही.

वीस महिन्यांचा होता, शब्द मोजून तीन. घरचे म्हणत होते, मुलगे उशिराच बोलतात. (हे कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि डॉक्टरकडे जा.) डॉक्टरांनी आधी कान तपासून घेतले, ते ठीक निघाले. मग विचारलं, ‘दिवसभर याच्याशी बोलतं कोण?’ मला उत्तर देता येईना.

मी डॉक्टर नाही, आणि टीव्हीमुळेच झालं असंही म्हणत नाही. पण मला समजलं ते असं: पोरगं ‘बु’ म्हणालं की कुणीतरी ‘बस? कुठे गेली बस?’ म्हणायला लागतं, मग ते पुन्हा काही म्हणतं. पहिल्या तीन वर्षांत मेंदूतल्या जोडण्या भराभर होत असतात आणि त्यांना हे असलं उत्तर लागतं. टीव्ही उत्तराला थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. आणि मावशीला तरी काय बोलणार? अकरा पोरं, तुटपुंजा पगार. मावश्या सारख्या बदलायच्या. मुलाला एकीचा लळा लागतो न लागतो तोच दुसरी.

नंतर भांडुपला एका आजींकडे ठेवला. दोन खोल्या, पाच मुलं, कॅमेरा नाही. पहिल्या दिवशी गेले तर आजी मटार सोलत होत्या, पोरं भोवती. ‘पळाला बघ दाणा! कोण पकडतं?’ घरात पसारा, भिंतीवर खडूच्या रेघा. मी तिथेच फी भरली. महिन्याभरात घरी येऊन ‘पळाया’ म्हणायला लागला, प्रत्येक गोष्टीला, लोकललासुद्धा.

ऑफिसचं विचारू नका. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा कायद्यातच आहे. मी अर्ज दिला तर एचआरकडून ‘फाईल वर गेलीय’. मुलगा दुसरीत गेला, फाईल अजून वरच आहे. तुम्ही तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

सगळी पाळणाघरं तशी नसतात, तुमचं चांगलंही असेल. लेक नुसती दमतही असेल. पण एक हाफ डे टाका आणि दुपारी दीडच्या सुमारास जा. आधी फोन करू नका. दाराबाहेर दोन मिनिटं थांबून नुसतं ऐका, बेल नंतर वाजवा.