शहरातल्या हॉटेलात उतरताना: पोर्ट ऑफ स्पेनविषयी वाचकांचे प्रश्न

कॅरिबियन म्हटले की समुद्रकिनाऱ्यावरची रिसॉर्ट डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांच्यावरूनच तिथल्या राजधानीच्या शहरांतील पंचतारांकित हॉटेलांविषयीही अंदाज बांधले जातात. अलीकडे आलेली बहुतेक पत्रे त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनविषयी आहेत. कोणी नैसर्गिक वायूच्या उद्योगातील कामासाठी निघाले आहे, कोणी मुलाकडे किंवा मुलीकडे, तर कोणाला क्वीन्स पार्क ओव्हल पाहायचे आहे, जिथे सुनील गावसकरांनी 1971 मध्ये कसोटी पदार्पण केले आणि त्याच मालिकेच्या अखेरच्या सामन्यात 124 आणि 220 धावा काढल्या. प्रश्न मात्र फिरून तेच येत असल्यामुळे येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न: हॉटेलच्या दरात तिन्ही वेळचे जेवण धरलेले असते, असे आमच्या ओळखीच्यांनी सांगितले. ते खरे आहे का? (पुणे)

नाही. ती पद्धत किनाऱ्यावरच्या रिसॉर्टची आहे. शहरातील व्यावसायिक हॉटेलांत दर खोलीचा असतो. नाश्ता धरला आहे की नाही, हे आरक्षणाच्या पत्रात लिहिलेले असले तरच तो धरला आहे असे समजावे.

प्रश्न: संकेतस्थळावर एका रात्रीचे 200 डॉलर दाखवले होते, पण हॉटेलने 240 लावले. शिवाय पहिल्याच दिवशी कार्डावरून त्याहून मोठी रक्कम गेल्याचा संदेश आला. ही फसवणूक आहे का? (ठाणे)

पहिली गोष्ट फसवणूक नाही; मात्र दर दाखवण्याची ती रीत मला मुळीच मान्य नाही. त्रिनिदादमध्ये खोलीच्या दरावर साधारणपणे 10 टक्के कर आणि 10 टक्के सेवाशुल्क लागते, आणि अनेक आरक्षण-स्थळे हे दोन्ही आकडे शेवटच्या पानापर्यंत झाकून ठेवतात. स्वस्त दिसणारा आकडा आधी दाखवून गिऱ्हाईक बांधून घ्यायचे आणि उरलेले नंतर वसूल करायचे, हा व्यापार वाचकांनी ओळखला पाहिजे. दोन हॉटेलांची तुलना करताना नेहमी कर व शुल्कासह अंतिम रकमेचीच तुलना करावी, आणि ती रक्कम हॉटेलकडून ईमेलवर लेखी मागवावी.

दुसरी रक्कम खर्च झालेली नाही, ती अडवून ठेवलेली आहे. खोलीत उतरताना हॉटेल संपूर्ण मुक्कामाचे भाडे आणि वर किरकोळ खर्चासाठी दर रात्रीमागे काही रक्कम कार्डावर रोखून धरते आणि खोली सोडल्यानंतर ती मोकळी करते. परंतु बँकेकडून ती प्रत्यक्षात सुटायला काही दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्ड असेल तर फक्त मर्यादा कमी होते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिले, तर प्रवासासाठी ठेवलेले स्वतःचे पैसेच अडकतात. म्हणून उतरताना क्रेडिट कार्डच द्यावे, त्यावर परदेशी व्यवहार सुरू केलेले आहेत ना, हे घरून निघण्यापूर्वी पाहावे, आणि किती रक्कम रोखली जाणार हे हॉटेलला आधीच विचारावे.

आणखी एक युक्ती येथेच सांगतो. बिल चुकते करताना यंत्रावर 'रुपयांत भरायचे का?' असा पर्याय येतो आणि तो सोयीचा वाटतो. त्यात विनिमयाचा दर तुमची बँक ठरवत नाही, समोरची यंत्रणा ठरवते, आणि तो सहसा तुमच्या तोट्याचा असतो. बिल ज्या चलनात आहे त्याच चलनात भरावे. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहाराचे शुल्क किती आहे, हे बँकेच्या शाखेत विचारून घ्यावे.

प्रश्न: आपली इस्त्री आणि केटल तिथे चालेल का? (नाशिक)

चालणार नाही, तिथला वीजपुरवठा 115 व्होल्टचा आहे आणि खाचा अमेरिकी पद्धतीच्या आहेत.

प्रश्न: त्रिनिदादला भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, मग न्यूयॉर्कला फक्त दोन तास विमान बदलण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा कशाला? (मुंबई)

कारण अमेरिकेत विमानतळाबाहेर न पडताही व्हिसा लागतो. दोन तास असोत वा वीस मिनिटे, नियम तोच आहे. तिकीट काढण्याआधी मार्गातील प्रत्येक देशाचा नियम त्या त्या दूतावासाकडून, आणि त्रिनिदादचा नियम नवी दिल्लीतील त्यांच्या उच्चायोगाकडून तपासून घ्यावा.

प्रश्न: आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून टेकडीवरच्या हिल्टनमध्ये तळमजल्याची खोली मागितली, तर तिथे तसे नसते असे कळले. काय करावे? (कोल्हापूर)

1962 मध्ये सुरू झालेले हे हॉटेल क्वीन्स पार्क सव्हाना या शहरातल्या विस्तीर्ण मोकळ्या मैदानाच्या वरच्या उतारावर बांधलेले आहे. स्वागतकक्ष सर्वांत वर आणि खोल्या त्याच्या खाली, अशी त्याची रचना असल्यामुळे लोक त्याला 'उलटे हॉटेल' म्हणतात. खोलीकडे जायचे ते लिफ्टने खाली. त्यामुळे तळमजला न मागता लिफ्टजवळची, वाटेत पायऱ्या नसलेली खोली मागावी आणि स्नानगृहात आधाराचे दांडे आहेत का, हे विचारावे. टेकडी चढण्या-उतरण्याचीच चिंता असेल तर बंदरालगतचे, 2008 मध्ये उघडलेले हयात सपाट जागेवर आहे. 2009 ची अमेरिका खंडांच्या राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद तिथेच भरली होती. सव्हानाचा मोकळा श्वास मात्र तिथे मिळत नाही, आणि मला स्वतःला तो मोलाचा वाटतो. लांबच्या विमानप्रवासाविषयी आई-बाबांच्या डॉक्टरांना आधी विचारावे.

प्रश्न: आम्ही पती-पत्नी (वय 64 आणि 61) पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आठवडाभर उत्तम हॉटेलात राहणार आहोत, जंगलात जाणार नाही. पीतज्वराची लस लागत नाही, त्रिनिदादच्या विमानतळावर कोणी विचारतही नाही, असे नुकत्याच जाऊन आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले. सहलीच्या एजंटनेही दुजोरा दिला. निघायला बारा दिवस आहेत. मग लस टाळावी ना? (छत्रपती संभाजीनगर)

या एका प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण याच ऐकीव माहितीवर विसंबून लोक परतीच्या वाटेवर अडकतात आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हाती असते.

त्या गृहस्थांनी सांगितलेले अर्धे बरोबर आहे. भारतातून थेट त्रिनिदादला उतरणाऱ्याकडे तिथले अधिकारी पीतज्वराचे, म्हणजे यलो फिव्हरचे, प्रमाणपत्र मागत नाहीत, कारण भारतात हा रोग नाही. प्रमाणपत्र मागतो तो भारत, आणि तेही तुम्ही परत येता तेव्हा. भारत सरकारच्या यादीत पीतज्वराचा धोका असलेल्या प्रदेशांत त्रिनिदाद बेटाचे नाव आहे. अशा प्रदेशातून निघून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो आणि ज्याच्याकडे वैध प्रमाणपत्र नाही, त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. जाताना कोणी विचारले नाही, म्हणून येताना विचारणार नाहीत, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

'आम्ही फक्त हॉटेलात राहणार' हा युक्तिवादही येथे उपयोगी नाही. रोगाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे: त्रिनिदादमध्ये हा विषाणू मुख्यतः जंगलातील माकडे आणि तिथले डास यांच्यात राहतो, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथे उद्रेक झाला तेव्हाही त्याचे मूळ अरण्यातच होते. शहरातल्या वातानुकूलित खोलीत धोका कमी आहे, हे मी मान्य करतो. परंतु नियम तुमच्या हॉटेलचा दर्जा विचारत नाही, तुम्ही कोणत्या बेटावरून आलात एवढेच विचारतो. या कडकपणामागे सबळ कारण आहे. पीतज्वर पसरवू शकणारा एडिस इजिप्ती डास, जो डेंगी पसरवतो तोच, आपल्या प्रत्येक शहरात आहे, आणि आपल्या लोकांमध्ये या रोगाची प्रतिकारशक्ती नाही. डासामुळे हा रोग पसरतो, हे हवानाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी 1881 मध्येच मांडले होते. एक आजारी प्रवासी मुंबईत किंवा पुण्यात उतरला तर काय होऊ शकेल, याचा विचार केला म्हणजे हा नियम जाचक वाटत नाही.

आता तुमच्या बारा दिवसांविषयी. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते. तिथून पुढे ते आयुष्यभर चालते. तुम्हाला ते परतताना हवे आहे, म्हणून हिशेबाने वेळ अजून आहे. पण लसीकरण केंद्रे ठरावीक दिवशीच चालतात, आधी नाव नोंदवावे लागते आणि लस कधी कधी शिल्लक नसते. एजंटने हे दोन महिन्यांपूर्वी सांगायला हवे होते. तिकीट आणि हॉटेल विकून मोकळे होणारे आणि आरोग्याच्या कागदांविषयी 'काही लागत नाही' म्हणणारे एजंट वाचकांचे मोठे नुकसान करतात, असे मी स्पष्टपणे नोंदवतो. लस केंद्र सरकारच्या यादीत असलेल्या केंद्रावरच घ्यावी. यादीबाहेरच्या दवाखान्याचा कागद विमानतळावर चालणार नाही. पासपोर्ट सोबत न्यावा आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक तिथेच ताडून पाहावा.

मात्र तुमच्या वयामुळे मी 'उद्याच लस घ्या' असे म्हणणार नाही. साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण, एकंदरीत फार थोडे असले तरी, तरुणांपेक्षा जास्त आढळते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा विकार, कर्करोगावरील उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे असतील तर ती टाळावी लागते. हा निर्णय मी, एजंट किंवा शेजारी घेऊ शकत नाही. तुमच्या औषधांची पूर्ण यादी घेऊन आधी तुमच्या डॉक्टरांकडे आणि मग लसीकरण केंद्रातील डॉक्टरांकडे जा. त्यांनी लस देऊ नये असे ठरवले तर सूट दिल्याचे पत्र घ्या. पण त्या पत्राने विलगीकरण टळेलच असे गृहीत धरू नका, आणि विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना प्रवासाआधी विचारा. लस शक्य नसेल तर प्रवासाची आखणी बदलता येते. जवळचे बार्बाडोस बेट या यादीत नाही. त्रिनिदाद आधी करून उरलेले सहाहून अधिक दिवस तिथे काढले, तर मुदत उलटून जाते. अर्थात हाही बदल अधिकाऱ्यांकडून खात्री करून घेतल्याशिवाय करू नये.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. मोठ्या हॉटेलात उपासमार होईल का? (सांगली)

होणार नाही. 1845 मध्ये 'फतेल रझाक' जहाजाने पहिले भारतीय मजूर तिथे पोहोचले, आणि आज त्रिनिदादच्या खाण्यातून रोटी, चणे आणि डाळ वेगळी काढता येणार नाही. हळद घातलेल्या दोन तळलेल्या 'बारा' म्हणजे मऊ पुऱ्यांमध्ये चणे घालून केलेले डबल्स हा तिथला रोजचा नाश्ता आहे. ते रस्त्यावर मिळतात. तिखट मिरचीची चटणी 'थोडीच' असे आधी सांगावे. डाळपुरीही सर्वत्र मिळते.

सावध राहायचे ते हॉटेलच्या बुफेत. कलालू हा पदार्थ अळूच्या पानांचा, भेंडीचा आणि नारळाच्या दुधाचा असल्यामुळे आपल्या माणसाला तो पाहताक्षणी आपला वाटतो, पण त्यात अनेकदा खेकडा किंवा खारवलेले मांस असते. मॅकरोनी पायमध्ये अंडे असते, आणि भाजीच्या सूपचा रस्सा मांसाचा असू शकतो. पाटीवर विसंबू नये. 'मांस, मासे, अंडे आणि मांसाचा रस्सा नको' असे चारही शब्द उच्चारून मुख्य शेफला सांगावे. जैन भोजन हवे असल्यास आठवडाभर आधी हॉटेलला लिहावे.

प्रश्न: सेवाशुल्क भरल्यावर वेगळी टीप द्यावी लागते का? (सातारा)

सक्ती नाही. कोणी विशेष मदत केली असेल तर त्याच्या हाती द्यावी.

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये आधी बार्बाडोस, मग त्रिनिदाद असा बेत आहे. विमा आदल्या दिवशी काढला तर चालेल ना? (डोंबिवली)

चालणार नाही, आणि हा दिरंगाईचा स्वभाव या भागात विशेष महाग पडतो. चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो. 29 जून 2024 रोजी बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनमध्ये टी-20 विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ बेरिल वादळामुळे विमानतळ बंद पडल्याने हॉटेलातच अडकला आणि 4 जुलैला खास विमानाने दिल्लीला पोहोचला. तुमच्या-आमच्यासाठी खास विमान येणार नाही. अशा वेळी हॉटेलचे वाढीव दिवस आणि नवे तिकीट यांचा खर्च विम्यातून मिळू शकतो, पण वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी सहसा लागू होत नाही. म्हणून आरक्षण केले त्याच आठवड्यात विमा काढावा, आणि विमा कंपनीला 'वादळामुळे मुक्काम लांबल्यास काय मिळेल' हे लेखी विचारावे. त्रिनिदाद वादळांच्या नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेला आहे. तरी पावसाळा डिसेंबरपर्यंत चालतो आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या सखल भागात पाणी साचते.

प्रश्न: रात्री विमानतळावरून एकट्या स्त्रीने टॅक्सीने यावे का? (नागपूर)

रस्त्यात मिळेल त्या गाडीने येऊ नये. पियार्को विमानतळ शहरापासून सुमारे 25 किलोमीटर आहे. हॉटेललाच गाडी पाठवायला सांगावे आणि चालकाचे नाव व गाडीचा क्रमांक विमानात बसण्यापूर्वी मागून घ्यावा. भाड्याच्या अधिकृत गाड्यांचा क्रमांक 'एच' अक्षराने सुरू होतो. 'पी'ने सुरू होणारी खासगी गाडी प्रवासी घेत असेल तर ती बेकायदा आहे, भाडे कितीही कमी सांगितले तरी. टॅक्सीला मीटर नसतो, म्हणून बसण्याआधी रक्कम ठरवावी आणि ती अमेरिकी डॉलरमध्ये आहे की त्रिनिदादच्या, हे विचारावे, कारण दोन्हींत सहा-सात पटींचा फरक आहे. गुन्हेगारीमुळे तिथे डिसेंबर 2024 मध्ये आणि पुन्हा जुलै 2025 मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती. घाबरून बेत रद्द करण्याची गरज नाही, पण अंधार पडल्यावर शहराच्या मध्यभागात पायी फिरू नये, आणि निघण्याच्या आठवड्यात पोर्ट ऑफ स्पेनमधील भारतीय उच्चायोगाच्या सूचना पाहाव्यात.

प्रश्न: कार्निव्हलसाठी 'आजच पूर्ण पैसे भरा, निम्म्या दरात खोली' असा प्रस्ताव एका एजंटकडून आला आहे. घ्यावा का? (वसई)

घेऊ नये. 2027 चा कार्निव्हल 8 आणि 9 फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात शहरातली चांगली हॉटेले दर कमी करत नाहीत, वाढवतात, आणि किमान काही रात्रींची अट घालतात. खोली खरोखर असेल तर हॉटेलचा आरक्षण-क्रमांक मागा, तो क्रमांक हॉटेलला थेट फोन करून पडताळा, आणि रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल हे हॉटेलच्याच ईमेलवरून आल्याखेरीज एजंटला एक रुपयाही देऊ नका.