बिल्ट-इन कमांड कमी करताना कोणत्या ठेवायच्या, कोणत्या काढायच्या?

तुम्ही टीमसाठी लॉग चाळणारं कमांड-लाइन टूल लिहिलंत, त्याला स्क्रिप्टही देता येते. लोड, फिल्टर, प्रिंट, रिपीट, वेट, एलियास (लांब कमांडला दिलेलं छोटं नाव) असं करत बिल्ट-इन, म्हणजे टूलच्या आतच लिहिलेल्या, कमांड २३ वर गेल्या आहेत, आणि आता यातल्या किती काढता येतील असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते बऱ्याच. जिला टूलच्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्राममध्ये, हात घालावा लागतो तेवढीच कमांड आत ठेवा, बाकीच्यांची साधी फंक्शन्स करा किंवा त्या बाहेरच्या प्रोग्रामवर सोडा.

ही रेघ कुठे पडते ते युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरुवातीच्या एका अडचणीत छान दिसतं. पीडीपी-७ या तेव्हाच्या कॉम्प्युटरवर डिरेक्टरी बदलायची कमांड इतरांसारखीच साधी होती. मग फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढून नवी सुरू करायची सोय) आलं, शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) प्रत्येक कमांडसाठी वेगळी प्रोसेस सुरू करू लागलं, आणि डिरेक्टरी बदलेनाशी झाली. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी हे लिहून ठेवलंय. कारण सापडेपर्यंत त्यांनाही बरंच डोकं खाजवावं लागलं होतं. कमांड डिरेक्टरी बदलत होती, पण स्वतःपुरती. तिची प्रोसेस संपली की शेल होतं तिथेच. म्हणून डिरेक्टरी बदलणारी सीडी आजही शेलच्या आत आहे, तिला दुसरा इलाज नाही.

तुमच्या वेटला हीच कसोटी लावा. टूलने स्वतः मागे सोडलेली कामं संपण्याची ती वाट बघत असेल तर ती राहू द्या, कारण आपण सुरू केलेल्या प्रोसेसची अशी वाट आपणच बघू शकतो. नुसती पाच सेकंद थांबत असेल तर त्यासाठी स्लीप हा बाहेरचा प्रोग्राम आहेच की.

वेगासाठी कमांड आत घेतली तर चालेल, पण तिचे नियम वेगळे नकोत. बॅश या शेलमध्ये ‘टाइप -ए टेस्ट’ करून बघा, कमांड कुठे कुठे आहे ते दिसतं. अट तपासणारी टेस्ट शेलमध्येही आहे आणि लिनक्सवर साधारणपणे तिची वेगळी फाइलही असते. आतली बंद केली तरी नेहमीच्या स्क्रिप्टला फरक पडत नाही.

खरा त्रास वेगळ्या नियमांचा असतो, आणि तो मी भोगलाय. एका जुन्या नोकरीत आमच्या टूलमध्येही रिपीट होती. तिला पुढची सगळी ओळ कच्च्या मजकुरासारखी मिळायची आणि ती स्वतःच स्पेसवर तुकडे करायची. कोणीतरी लिहिलं: रिपीट ३ फिल्टर "पेमेंट फेल". अवतरणचिन्हांचा काही उपयोग झाला नाही. फिल्टरने पेमेंट हा शब्द शोधायचा मानला आणि फेल हे फाइलचं नाव. अशी फाइल नव्हतीच. पण रिपीट आतल्या कमांडचा एक्झिट कोड (काम जमलं की फसलं ते सांगणारा आकडा) बाहेर देत नसे, त्यामुळे स्क्रिप्ट पुढे गेली आणि रिकामा रिपोर्ट क्लायंटला पोचला. कारण शोधण्यात पूर्ण दिवस गेला, कारण तीच फिल्टर रिपीटशिवाय चालवली की व्यवस्थित चालायची. तेव्हापासून ओळीचं पार्सिंग (तुकडे करून अर्थ लावणं) स्वतःच करणारी कमांड दिसली की मी ती सगळ्यात आधी काढतो. तुमच्याकडेही सुरुवात रिपीटपासूनच करा. लूप आणि अट भाषेच्या व्याकरणात असू द्या, कमांडच्या वेषात नकोत. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत इफ (अट) आणि गोटू (दुसऱ्या ओळीवर उडी) हे बाहेरचे प्रोग्राम होते. गोटू तर स्क्रिप्टच्या फाइलमधली वाचायची जागाच सरकवायचा. १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बॉर्न शेलने अटी आणि लूप भाषेत घेतले, ते योग्यच होतं.

लोड, फिल्टर, प्रिंट यांची फंक्शन्स करा. पायथॉनने प्रिंटचं हेच केलं. पायथॉन २ मध्ये ते स्टेटमेंट होतं, फाइलमध्ये छापायचं तर दोन बाणांची खास खूण लागायची. २००८ च्या ३.० मध्ये ते फंक्शन झालं आणि फाइल हे एक साधं आर्ग्युमेंट उरलं. जुना कोड मात्र मोडला, आणि पायथॉन २ चा अधिकृत सपोर्ट थांबायला २०२० उजाडलं. तुमच्या टीमला इतकी वर्षं लागणार नाहीत, पण त्यांची एक गोष्ट घ्या: २.६ मध्येच फाइलच्या वर एक इम्पोर्ट लिहून नवं प्रिंट वापरता यायचं. तशी सोय द्या. जुनी कमांड दोन रिलीज चालू ठेवा, आणि ती वापरली की स्क्रिप्टचं नाव व ओळ क्रमांक एरर आउटपुटवर छापा. साध्या आउटपुटवर छापाल तर कोणाचा तरी पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणारी जोडणी) बिघडेल.

एलियास मी काढली असती. बॅशचं मॅन्युअलसुद्धा सांगतं की जवळजवळ प्रत्येक कामाला एलियासपेक्षा फंक्शन बरं, आणि स्क्रिप्टमध्ये बॅश एलियास आपणहून उलगडतही नाही. पण रोज हाताने टाइप करणाऱ्यांना तिची सवय असते, म्हणून ती शेवटी काढा, आणि त्याआधी त्यांच्या एलियासची फंक्शन्स तुम्हीच लिहून द्या.