नंबरप्लेटचे पैसे माजी सैनिकांपर्यंत पोचतात का?

मी अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपाला राहते. शेजाऱ्यांच्या गाडीवर ‘फ्लोरिडा सॅल्यूट्स व्हेटरन्स’ (फ्लोरिडाचा माजी सैनिकांना सलाम) अशी नंबरप्लेट आहे. आमच्या घरात कुणीच सैन्यात नव्हतं. आम्हाला ती मिळेल का?

मिळेल. ही प्लेट कुणालाही घेता येते. नेहमीच्या नोंदणी शुल्कावर वर्षाला १५ डॉलर जादा पडतात आणि ते राज्यातल्या माजी सैनिक निवासांच्या निधीकडे वळतात. ‘पर्पल हार्ट’ची, म्हणजे युद्धात जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या सैनिकांना मिळणाऱ्या पदकाची प्लेट मात्र वेगळी, ती मानाची. नुसते पैसे मोजून मिळत नाही, कागद दाखवावे लागतात. लोक दोन्हींत गल्लत करतात. पार्किंगमध्ये कुणी तुम्हाला सैनिक समजून “थँक यू फॉर युअर सर्व्हिस” म्हणालं, तर तिथल्या तिथे खरं काय ते सांगून टाका.

व्हर्जिनियात आम्ही संस्थेच्या प्लेटसाठी दरवर्षी २५ डॉलर भरतो. सगळे संस्थेलाच जातात ना?

नाही हो. खरी मेख इथेच आहे. वाटणीच्या प्लेटांमध्ये, म्हणजे ज्यांचे पैसे राज्य आणि संस्था वाटून घेतात त्यांत, पहिल्या १००० प्लेटांचे पैसे राज्य ठेवतं. त्यापुढच्या प्रत्येक प्लेटमागे २५ पैकी १५ डॉलर संस्थेला. म्हणजे ९०० गाड्यांवर ती मिरवत असली तरी संस्थेच्या हाती भोपळा! काही प्लेटा तर वाटणीच्या नसतातच. त्यांतून संस्थेला छदामही मिळत नाही. तेव्हा अर्ज भरण्याआधी संस्थेच्या खजिनदाराला दोनच गोष्टी विचारा: प्लेट वाटणीची आहे का, आणि हजाराचा आकडा ओलांडला का? उत्तर ‘नाही’ आलं तर प्लेट हौसेने घ्या, पण संस्थेच्या नावाने चेक वेगळा फाडा.

एखादी संस्था नवी प्लेट काढू शकते का?

व्हर्जिनियात विधिमंडळाची मंजुरी लागते, शिवाय पैसे भरलेले ४५० अर्ज. कॅलिफोर्नियात असे ७५०० अर्ज, तेही सरकारी खात्यानेच पुढाकार घेतला तर. राज्य नकारही देऊ शकतं. अमेरिकी यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेट सैनिकांच्या वंशजांच्या संस्थेला आपला युद्धध्वज प्लेटवर हवा होता. टेक्सासने नाही म्हटलं. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी राज्याची बाजू घेतली: प्लेटवर जे छापलं जातं ते सरकारचं बोलणं.

मी साताऱ्याचा, निवृत्त सुभेदार. आपल्याकडे असं काही आहे का?

नाही, सुभेदारसाहेब. आपल्या नंबरप्लेटवर क्रमांकाखेरीज नाव, चित्र काहीच चालत नाही. पसंतीच्या क्रमांकाचे पैसेही सरकारी तिजोरीत जातात. आपली वाट सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीची. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचा कागदी झेंडा टाचणीने खिशावर लागतो; गाडीसाठीही छोटा झेंडा असतो. निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतो, वर्षभर. पावती मात्र मागून घ्या. जुन्या करपद्धतीत या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते. आणि झेंडा गाडीच्या काचेला लावा, नंबरप्लेटला नको.