पंधराचा डबा : लिटरचा की किलोचा?

दिवाळीच्या ऑर्डरींसाठी तेलाचा हिशेब किलोत मांडूनही पंधराचा डबा दर वेळी कमी पडतो, असे तुम्ही लिहिले आहे. फराळाच्या व्यवसायात मलाही नेमका हाच त्रास झाला होता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तळणीत तेल किती जिरते, हे तुम्ही जाणताच. तेव्हा आधी डब्यावरचे एकक पाहावे. बाजारात १५ किलोचा आणि १५ लिटरचा, असे दोन्ही डबे मिळतात आणि बोलताना दोन्हींना ‘पंधराचा’च म्हणतात. सोयाबीन, सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल लिटरला साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते, तर १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर.

माझ्या पुरवठादाराने डबे लिटरचे दिले आणि पावतीवर मात्र ‘१५ कि.’ लिहून किलोचा दर लावला. तक्रार घेऊन मी ज्या कार्यालयात गेले, तेथे डब्यावरील छापील मजकूर वाचून ‘माप बरोबर आहे’ असे सांगण्यात आले. डब्याविषयी माझी तक्रारच नव्हती. ती पावती आणि डबा यांतील तफावतीविषयी होती. परंतु पावती हातात घेण्याचीही कोणी तसदी घेतली नाही आणि ऐन हंगामातील ते पैसे कायमचे गेले. ज्यांचे कामच मापे तपासण्याचे आहे, त्यांनी किलो आणि लिटर यांतला फरक किरकोळ मानावा, याचा मला आजही संताप येतो.

मी कायद्याची जाणकार नाही. तरीही पावतीवर एकक पूर्ण अक्षरांत लिहून घ्यावे, असे आग्रहाने सांगेन. दरांची तुलनाही नेहमी किलोवर आणूनच करावी. समजा, १५ लिटरचा डबा २,००० रुपयांना आणि १५ किलोचा २,१५० रुपयांना मिळत असेल, तर पहिला किलोला सुमारे १४६ रुपये ५० पैसे आणि दुसरा सुमारे १४३ रुपये ३० पैसे पडतो. म्हणजे महाग दिसणारा डबाच स्वस्त असतो.

शिवाय तापमान वाढले की तेल प्रसरण पावते. सोयाबीन तेलाचा लिटर २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतो, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. म्हणून कढईतून काढलेले गरम तेल मापाने मोजून किती उरले ते ठरवू नये. थंड झाल्यावर वजन करावे.

तेलाचा हा आकडा इतर पदार्थांना मात्र लावू नये. दूध लिटरला सुमारे १ किलो ३० ग्रॅम भरते, तर मध जवळपास १ किलो ४०० ग्रॅम. मैद्याला तर असा एक आकडा धरताच येत नाही, कारण चाळून भरलेल्या आणि दाबून भरलेल्या वाटीचे वजन वेगवेगळे येते. माझ्या मते ऑर्डरीच्या कामात मैदा, बेसन आणि पिठीसाखर काट्यावरच घ्यावी.