वाचक विचारतात : लहान पेंटेकॉस्टल मंडळीचा इतिहास कोठून सुरू करावा?

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे. आमची पेंटेकॉस्टल मंडळी अवघ्या बावीस कुटुंबांची आहे. मंडळीचा सुवर्णमहोत्सव करावा आणि त्या निमित्ताने एक छोटी पुस्तिका काढावी असे ठरले आहे. परंतु वडीलधाऱ्यांत वर्षावरूनच एकमत होत नाही. एका काकांच्या मते पहिली सभा १९७६ साली झाली. दुसरे काका म्हणतात की सभागृह बांधले त्या १९८५ सालापासूनच मंडळी धरावी. जुने कागद फारसे नाहीत. शिवाय काही जण आपला उगम अमेरिकेत सांगतात, तर काही केरळात. इतिहास कोठून सुरू करावा? — एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : आपल्या दोन्ही काकांचे म्हणणे खरे असू शकते, कारण ते दोन वेगळ्या घटनांची वर्षे सांगत आहेत. घरातील सभेपासून वाढलेल्या मंडळीत पहिली प्रार्थनासभा, पहिला बाप्तिस्मा, न्यासाची नोंदणी आणि इमारत या चार गोष्टी चार निरनिराळ्या वर्षी घडतात, आणि इमारत बहुधा सर्वांत शेवटी येते. मला विचाराल, तर मंडळीचे वय पहिल्या बाप्तिस्म्यापासून मोजावे. पेंटेकॉस्टल मंडळीत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती मंडळीत, तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा होत नाही. जाणत्या माणसाला त्याच्या स्वतःच्या कबुलीवरून पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला जातो, आणि तोवर जमलेले लोक कोणाच्या तरी छपरीत आलेले पाहुणेच असतात. बाप्तिस्मा नदीत झाला, तलावात की वावरातल्या विहिरीत, त्या दिवशी पाण्यात कोण कोण उतरले आणि काठावरून कोण रागाने पाहत होते, हे घरोघर लक्षात असते. पुस्तिकेत मात्र चारही वर्षे द्यावीत. महोत्सव कोणत्या वर्षाचा धरावा हे मग मंडपवाल्याच्या सवडीने ठरले तरी बिघडत नाही.

जुने कागद फारसे नाहीत असे आपण लिहिता. परंतु दानाची वही कोणाच्या तरी पेटीत असतेच. काही वर्षांपूर्वी अशाच एका मंडळीची जमाखर्चाची वही मला पाहायला मिळाली. लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्या वहीत एकाही सभेचे वर्णन नव्हते. नोंदी होत्या त्या 'ज्वारी दोन पायल्या, विकून', 'ढोलकीची पुडी', 'रॉकेल', 'बत्तीचे मेंटल दोन' अशा. बहुतेक पानांवर वर्ष घातलेले नव्हते. मेंटलची नोंद दर महिना-दीड महिन्याने येत राहते, मग एकाएकी थांबते, आणि पुढच्याच पानावर 'वायरमन' व 'बल्ब' हे शब्द दिसतात. त्या वस्तीत वीज कोणत्या वर्षी आली हे गावात सर्वांना पाठ होते, त्यामुळे तेवढ्या एका जागेवरून मागची-पुढची बरीच पाने वर्षवार लावता आली. कापसाची वेचणी सुरू झाली की दान वाढे आणि आषाढ-श्रावणात ते चार-दोन रुपयांवर येई. रॉकेलचा खर्च मात्र बारमाही तेवढाच. ती तूट कोण भरून काढत असे, तर समासात बारीक अक्षरांत 'पास्टरकडून उसने' असे जागोजागी लिहिलेले होते. ते उसने परत केल्याची नोंद मला सापडली नाही.

वृद्ध मंडळींशी बोलताना 'कोणत्या साली?' असे विचारू नये, कारण तसे विचारले की माणूस भिडेपोटी एखादा आकडा सांगून मोकळा होतो आणि तोच पुढे छापला जातो. त्याऐवजी ज्या घटनांची वर्षे पक्की ठाऊक आहेत त्यांच्या अलीकडे की पलीकडे, असे विचारावे. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ मध्ये सुरू झाली आणि दुष्काळाच्या झळाही त्याच वर्षी बसल्या. आणीबाणी जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात होती. मोवाडचा पूर ३० जुलै १९९१ चा आणि किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. आपल्या तालुक्याला तर यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील शकुंतला रेल्वेचीही खूण आहे. या गाडीचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये गेले आणि डिझेलचे आले. तेव्हा एखादे प्रचारक मूर्तिजापूरहून शकुंतलेने येत असत असे कोणी सांगितले, तर त्यांच्या सदऱ्यावर कोळशाचे कण असत का, हे अवश्य विचारावे. सभागृहाचे वर्ष ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नमुना ८ वरून पुष्कळदा हाती लागते, आणि जागा शेतजमिनीतून घेतली असेल तर सातबारा व फेरफार काढावेत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली मंडळीची नोंद असेल, तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट १ ची, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीतील उताऱ्याची, नक्कल मिळते. विश्वस्त बदलल्यावर दिलेल्या बदल अर्जांवरून कोणानंतर कोण आले, हा क्रमही लागतो. लहान मंडळी अनेकदा दुसऱ्या शहरातील मोठ्या संस्थेच्या नोंदणीखाली असते, म्हणून यवतमाळला काही मिळाले नाही एवढ्यावरून नोंदणीच नव्हती असे समजू नये.

आता उगमाविषयी. अमेरिका की केरळ, या वादात महाराष्ट्राचे नाव कोणीच घेत नाही याचे मला नवल वाटले. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि तेथील निराधार मुली व विधवा यांना त्यांनी पुण्याकडे आणले. केडगावचे मुक्ती सदन वाढले ते या मुलींमुळे. १९०५ पर्यंत तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. त्या वर्षाच्या आरंभी रमाबाईंनी मुलींचे विशेष प्रार्थनागट सुरू केले, आणि २९ जूनच्या पहाटे एक मुलगी, आपल्यावर अग्नी उतरला आहे, असे म्हणत उठली, तेव्हा तिच्या शेजारी निजलेली तरुणी पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकीगत आहे. अमेरिकेतील पेंटेकॉस्टल चळवळ ज्यांपासून पसरली त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील प्रसिद्ध सभा सुरू झाल्या त्या एप्रिल १९०६ मध्ये, म्हणजे यानंतर नऊ-दहा महिन्यांनी. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या जागृतीविषयी लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत गेली, आणि तेथे १९०९ मध्ये उठलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिची प्रेरणा होती.

तथापि 'जगात पहिले आपणच' असे लिहिण्याचा मोह आवरावा. अन्य भाषांत, म्हणजे न शिकलेल्या भाषांत, बोलणे ही पेंटेकॉस्टल लोक पवित्र आत्म्याची खूण मानतात, आणि तशी घटना अमेरिकेतील कॅन्सासमधील टोपेका येथे १९०१ मध्येच घडली होती. शिवाय केडगावची संस्था पुढे कोणत्याही पेंटेकॉस्टल पंथात सामील झाली नाही. १९०५ चे केडगाव आणि १९७६ चे आपले गाव यांच्यामध्ये सरळ रेघ ओढायची असेल, तर मधल्या माणसांची नावे हाताशी हवीत. एखाद्या घरची आजी मुक्तीत वाढलेली असेल, तर ती हकीगत पुस्तिकेत मानाने यावी. तशी कोणी नसेल, तर केडगावचा उल्लेख पार्श्वभूमीपुरता ठेवावा.

जुन्या कागदांत 'पेंटेकॉस्टल' हा शब्द दिसला की तो आपल्याच अर्थाने आहे असे धरून चालू नये. बुलडाण्यात काम करणारी नाझरेन मंडळी १९१९ पर्यंत आपल्या नावातच 'पेंटेकॉस्टल' लावत असे, आणि अन्य भाषांशी आपला संबंध जोडला जाऊ नये म्हणून तिने तो शब्द पुढे काढून टाकला. त्या शब्दावर विसंबून एखादी मंडळी आपले वय सहज सत्तर वर्षांनी वाढवून घेऊ शकते!

आपले पहिले पाळक मल्याळी असतील, तर मंडळीचे जवळचे मूळ केरळातच आहे, आणि तसे लिहिण्यात कमीपणा नाही. के. ई. अब्राहम यांच्या पुढाकाराने तेथे उभ्या राहिलेल्या इंडियन पेंटेकॉस्टल चर्चसारख्या मंडळ्यांनी पुढे अन्य प्रांतांत प्रचारक पाठवले. त्या पाळकांनी मराठी कोणाकडून शिकून घेतली, पहिल्या सभेत दुभाषा कोण होता, वऱ्हाडी बोलीतला कोणता शब्द त्यांना शेवटपर्यंत वळला नाही, हे सांगणारी माणसे हयात आहेत तोवर विचारून घ्यावे. मंडळीच्या इतिहासात याहून वाचनीय भाग क्वचितच असतो, आणि पुस्तिका बहुधा याच ठिकाणी 'अनेक अडचणींना तोंड देऊन' एवढे चार शब्द लिहून पुढे जातात.

एक नाजूक गोष्ट राहिली. यवतमाळ भागात फ्री मेथडिस्ट मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे, आणि आपल्या बावीस कुटुंबांपैकी काहींची मुळे त्या किंवा तशाच एखाद्या जुन्या मंडळीत असणार. ज्याला लहानपणी तेथे बाप्तिस्मा मिळाला होता त्याला पुन्हा पाण्यात उतरवले गेले, तेव्हा जुन्या मंडळीला ते लागले असणारच. भावाभावांची बोलणी थांबली असतील, कदाचित दफनभूमीवरूनही वाद झाला असेल. पुस्तिकेत हे गाळू नये. कोण कोणाला काय बोलले ते सोडून द्यावे, पण वेगळे का झालो ते स्पष्ट लिहावे, आणि लिहिण्याआधी जुन्या मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला भेटून त्यांची बाजूही ऐकून घ्यावी. दोन्ही प्रवाह पवित्रीकरणाच्या, म्हणजे देव माणसाचे जीवन पापापासून शुद्ध करतो या, एकाच शिकवणीतून निघालेले आहेत. त्यामुळे त्या बैठकीत चहा मिळण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून जास्त आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या पुस्तिकेचा कच्चा मजकूर मी वाचला. त्यात सगळे पास्टर आणि विश्वस्तच आहेत. माझ्या सासूबाईंच्या घरी पंधरा वर्षे शुक्रवारची उपवास-प्रार्थना चालली, परंतु त्यांचे नाव कोठेही नाही. 'नोंदच नाही, तर लिहायचे कशावरून?' असे मला सांगण्यात आले. — एक वाचक भगिनी, वर्धा जिल्हा

उत्तर : नोंद आहे, पण ती सही करणाऱ्यांनी ठेवलेल्या वहीबाहेर शोधावी लागेल. प्रथम मंडळीची भांडी पाहावीत. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून देण्याची रीत आहे, आणि प्रभुभोजनाचे ताट, पेला, पाण्याचा पिंप, चहाची किटली यांच्या काठावर टिकल्याटिकल्यांनी कोरलेले 'सौ. अमुक यांजकडून' आणि खाली तारीख असे पुष्कळदा सापडते. घासून घासून अक्षरे पुसट झाली असतील, तर भांडे उजेडात तिरपे धरून पाहावे किंवा त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवावी. मी एका ठिकाणी असे पाहिले आहे की विश्वस्तांच्या यादीत एकही स्त्री नव्हती, आणि भांड्यांवर एकही पुरुष नव्हता.

त्यानंतर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ठेवलेली विवाह नोंदवही पाहावी, कारण तीत पाळकाखेरीज दोन साक्षीदारांच्या सह्या असतात आणि त्यात स्त्रियाही सापडतात. सासूबाईंचा जन्म जुन्या मिशन मंडळीतील घरात झाला असेल, तर त्या मंडळीच्या बाप्तिस्मा नोंदवहीत त्यांचे व त्यांच्या आईवडिलांचे नाव मिळू शकेल. पेंटेकॉस्टल मंडळीत बालकाचे फक्त अर्पण होते, म्हणजे प्रार्थना करून त्याला देवाच्या हाती सोपवतात, आणि त्याची नोंद सहसा ठेवली जात नाही, म्हणून तेथे शोधून उपयोग नाही. जुन्या छायाचित्रांच्या पाठी पाहाव्यात. त्या शुक्रवारी तेथे जमणाऱ्या दोन-तीन बायकांना एकत्र बसवून, सभा छपरीत होत असे की आतल्या खोलीत, तुराट्यांच्या कुडाच्या पलीकडून शेजारी काय म्हणत, उपास सोडायला काय रांधले जाई, हे विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि खाली त्यांची नावे व तारीख घालावी. असा मजकूर हीसुद्धा नोंदच होय. मिशनच्या काळात बायबल वाचून दाखवत गावोगाव पायी फिरणाऱ्या बायबलबाईंविषयी जे थोडेफार कळते तेही अशाच सांगण्यावरून. आणि संपादक मंडळ तरीही ऐकत नसेल, तर केडगावची ती जागृती मुलींमध्ये झाली होती, एवढे त्यांना जरूर सांगावे.

प्रश्न : आजारातून बरे झाल्याच्या साक्षी पुस्तिकेत छापाव्यात का? — एक वाचक, चिखली तालुका

उत्तर : छापाव्यात, कारण बहुतेक कुटुंबे ज्या कारणाने मंडळीत आली ते वगळून इतिहास लिहिता येणार नाही. मात्र साक्ष त्या व्यक्तीच्या तोंडची, तिच्या लेखी संमतीने आणि वर्ष घालून छापावी. 'डॉक्टरांनी हात टेकले होते' हे वाक्य तिने उच्चारले नसेल तर आपण भरू नये. उपचार चालू होते किंवा आजही आहेत असे ती सांगत असेल, तर तेही राहू द्यावे. ती व्यक्ती पुढे त्याच आजाराने वारली असेल, तर साक्षीखाली तसे एका ओळीत नमूद करावे. पूर्वीची जात व धर्म, दवाखान्याचे नाव आणि नातवंडांची नावे गाळावीत. पुस्तिका मंडळीबाहेरच्या हातांतही जाते, आणि त्रास झाला तर तो घरच्यांनाच होतो. छपाईला देण्यापूर्वी प्रत्येक साक्ष त्या त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावी, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना ती दोनदा वाचून दाखवावी.