वाचकांचे प्रश्न : चोकेयापू, चुकी यापू की ला पाझ नदी?

प्रश्न : बोलिव्हियाच्या निरनिराळ्या नकाशांत ला पाझ शहरातून जाणाऱ्या नदीची चोकेयापू, चुकी यापू आणि रिओ ला पाझ अशी नावे आढळली. या वेगवेगळ्या नद्या आहेत का? शिवाय, बंदिस्त पठारालगतची ही नदी अ‍ॅमेझॉनला कशी मिळते?

उत्तर : नदी एकच आहे. कोर्दिल्येरा रेआल या हिमाच्छादित रांगेत उगम पावून ती शहराच्या मधोमध उतरते. मात्र तिथे ती फारशी दिसत नाही, कारण प्रादोसारख्या मुख्य रस्त्याखालून तिला बंदिस्त बोगद्यातून नेलेले आहे. दक्षिण भागात ओर्कोहाविरा, इर्पावी या नद्यांचे पाणी घेऊन ती ‘ला पाझ नदी’ होते आणि ६,४३८ मीटर उंचीच्या इलिमानी पर्वताला दक्षिणेकडून वळसा घालून, पुढे बेनी व मदेइरा या नद्यांच्या वाटेने अ‍ॅमेझॉनला मिळते.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. तितिकाका सरोवर ज्यावर आहे त्या आल्तिप्लानो पठाराचे पाणी समुद्राला मिळत नाही, म्हणून ते पठार ‘बंदिस्त’. ते देसाग्वादेरो नदीने दक्षिणेकडील पोओपो सरोवराच्या खोलगट भागाकडे जाते आणि वाटेत त्यातले बरेच वाफ होऊन जाते. ला पाझ नदीने मात्र पूर्व उतारावरून मागे मागे झीज करत इलिमानी पर्वत आणि किम्सा क्रूझ ही डोंगररांग यांच्यामधून पर्वतरांग कापली आणि पठाराचा काठच पोखरला. शहर ज्या खोलगट दरीत वसले आहे ती याच झिजेतून घडली. दरीच्या काठावरचे एल आल्तो हे शहर ४,००० मीटरच्या वर आहे, तर शहराचा मध्यभाग सुमारे ३,६०० मीटरवर आहे.

आता नावांविषयी. आयमारा या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत अ, इ, उ असे तीनच मूळ स्वर आहेत. परंतु घशात खोलवर उच्चारल्या जाणाऱ्या, उर्दूतील नुक्त्याच्या ‘क़’शी मिळत्याजुळत्या व्यंजनाशेजारी ‘इ’चा ‘ए’ आणि ‘उ’चा ‘ओ’ ऐकू येतो. स्पॅनिश लेखकांनी कानाला जसे ऐकू आले तसे ‘चोके’ लिहिले. १९८४ मध्ये बोलिव्हियाने मान्य केलेल्या आयमारा वर्णमालेनुसार तेच ‘चुकी’ लिहिले जाते. म्हणजे ही दोन नावे नसून एकाच नावाची दोन लेखने आहेत. ओर्कोहाविरातील ‘हाविरा’ म्हणजे नदीच, आणि स्पॅनिश ‘रिओ’ म्हणजेही नदी. त्यामुळे ‘रिओ ओर्कोहाविरा’ असे छापले की नदी दोनदा म्हटली जाते.

‘यापू’ म्हणजे शेत, याबद्दल वाद नाही. ‘चुकी’चा जुना अर्थ सोने असल्याने ‘सोन्याचे शेत’ हा अर्थ रूढ आहे, आणि स्पॅनिश लोक आले तेव्हा या खोऱ्यात सोने धुतले जात असे, ही गोष्ट त्याला पुष्टी देते. पण ‘च’चा उच्चार श्वास अडवून झटक्याने केला, तर तोच शब्द बटाट्याचा वाचक होतो. स्पॅनिश लेखनात हा भेद उमटत नसल्याने ‘बटाट्याचे शेत’ असाही अर्थ लावला जातो. मला सोन्याचा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. २० ऑक्टोबर १५४८ रोजी स्थापन झालेल्या शहराला स्पॅनिशांनी ‘शांतता’ या अर्थाचे नाव दिले, तरी आयमारा भाषक आजही शहराला नदीच्याच नावाने ओळखतात.